खिडकीची जागा

एडिसन, रविवार, संध्याकाळ

आज ओक ट्री रोडवर पोलिसांची मोठी व्हॅन दिसली आणि तोंडून निघून गेलं, "पिंजरा आला!" इतकी वर्षं इथे अमेरिकेत काढली, तरी अजून तोच शब्द का यावा?

शेजारी लेक बसली होती. "पिंजरा? व्हॉट्स दॅट, बाबा?"

सांगितलं. गावात पोलिसांच्या जाळीच्या गाडीला सगळे पिंजराच म्हणायचे. पाण्याच्या मोर्चात तिच्या आजोबांना धरलं, तेव्हा ते चढता चढता ओरडले होते, "खिडकीची जागा धरा रे!" तेव्हापासून पोलिसांची गाडी दिसली की मी दादाला सांगायचो, "पिंजरा आला." इथे आल्यावर फोन करून. तो लगेच म्हणायचा, "खिडकीची जागा माझी."

"डू दे स्टिल से इट?"

दादाचा मुलगासुद्धा व्हॅनच म्हणतो. आणि दादा पावसाळ्यात गेला. तरी सिग्नलला हात फोनकडे गेलाच.

घरी बुद्धांपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. सगळं अनित्य आहे, रोज म्हणतो. तेवढ्यात बाहेर सायरन वाजला. मी हळूच म्हणालो, "पिंजरा आला."

खिडकीची जागा कोणीच मागितली नाही.