बुजलेल्या अर्गोस्तोलीचा नकाशा

५ मार्च १९६२
नगरपालिकेला भूकंपाआधीच्या गावाचा नकाशा हवाय. काम माझ्या गळ्यात — "भूगोल शिकवता ना तुम्ही!" भूकंपानंतरच्या नऊ वर्षांत बेटावरचं हे अर्गोस्तोली नवं झालं. रस्ते सरळसोट, बंदराचा धक्का रुंद, जुनं सगळं दगडमातीखाली. आमचं घर नेमकं कुठं होतं हे मलाच सांगता येत नाही. आणि आई त्या घरातच राहिली. सापडली नाही.

७ मार्च
पानागीसकाकांना बरोबर घेतलं. तीस वर्षं पोस्टमन होते, भूकंपात डोळे गेले. म्हणाले, "थिओनी, तू नुसती पेन्सिल चालव. वाटा माझ्या पायांना ठाऊक आहेत."

खरंच ठाऊक आहेत! मोकळ्या चौकात मध्येच डावीकडं वळले. सपाट डांबरावर पायऱ्या उतराव्यात तसे गुडघे वाकवून चालले. मग थांबून टोपी काढली. "काय सोफ्रोनियावहिनी, गुडघा कसा आहे?" समोर बाक होता, रिकामा. मला हसू आलं. पण काका तिथंच थांबून राहिले — उत्तर ऐकायला लागतो तेवढा वेळ. मान हलवली, आणि पुढं निघाले.

हसू विरलं माझं.

९ मार्च
पाऊस. घरीच.

१२ मार्च
वर्गात समुद्राच्या भोकांचा धडा. गावाच्या टोकाला समुद्राचं पाणी खडकात शिरतं आणि नाहीसं होतं. कुठं निघतं, अजून कुणाला माहीत नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी विचारते, "बाई, त्याला वर यायला वाटच सापडत नसेल का?"
मी फळा पुसला.

१४ मार्च
आमची गल्ली लागली! काका पुटपुटत होते, "बेकरी... चर्चची भिंत... आता वाक, थिओनी, तुझ्या आईनं चादरी वाळत घातल्यात." मी वाकले. कशाला वाकले!

ते शाळेच्या फाटकातून आत शिरले. थेट इमारतीत. माझ्या वर्गात. माझ्या टेबलापाशी काठीनं फरशी दोनदा वाजवली आणि म्हणाले, "रेगीनाबाई दुसऱ्या टकटकीला दार उघडतात." रेगीना — माझी आई.

सहा वर्षं मी तिथं उभी राहून शिकवतेय.

१५ मार्च
हेडमास्तर म्हणाले, "एका आंधळ्याच्या सांगण्यावरून फरशी फोडू? पालक काय म्हणतील?" मी राजीनामा लिहून पुढं ठेवला. त्यांनी तो वाचला. मग तो परत सरकवला — "ईस्टरच्या सुट्टीपर्यंत तरी थांबा, बाई. मग फोडू."

२ एप्रिल
त्या जागेवर पाय ठेववत नाही. खिडकीशी उभी राहून शिकवते. मुलंही टेबलाला वळसा घालून जातात — मी त्यांना काही सांगितलेलं नाही!

२५ एप्रिल
फरशी फोडली. खाली विटा, राडारोडा, आणि मग कमान — आमच्या तळघराची. शाबूत! काका बाहेर पायरीवर बसून होते. "हळू रे बाबांनो," एवढंच मजुरांना म्हणत होते. अंधार पडायच्या आत काम थांबवलं.

२६ एप्रिल
आई सापडली. दारूच्या पिंपाशेजारी, भिंतीला टेकून, शाल नीट गुंडाळलेली. भिंतीवर कोळशाच्या अकरा रेघा. दिवसाला एक.
ती गेली असं धरून तिसऱ्याच दिवशी मी बेट सोडून पात्रासच्या बोटीत चढले होते.