मागची खोली आणि गाजलेल्या गाण्यांचा अल्बम

मी, सिंधू मुकुंद लघाटे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, राहणार इंद्रपुरी, भोपाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. कोणी जबरदस्ती केलेली नाही. माझ्यावर ती करणारा अजून जन्मायचा आहे.

१. घर माझ्या नावावर आहे. पुढच्या तीन खोल्या, अंगण आणि बँकेतली ठेव मुलगा सुभाष याला. सून संपदा हिला माझ्या पाटल्या. तिने इतकी वर्षं माझं बोलणं ऐकलं, त्या मानाने पाटल्या हलक्याच आहेत.

२. शिवणयंत्रही संपदालाच. धाकटी जाऊ सुलभा मागेल. देऊ नये. तिने नेलेला पाटा अजून परत आलेला नाही.

३. मागची खोली. हिच्यावरून घरात वाद आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सुभाषची मुलगी रेवती आणि तिचा मित्र परीक्षित यांचा बँड त्या खोलीत वाजतो. नाव 'तीसरी सीटी', माझ्या कुकरवरून. पंक म्हणतात त्याला. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" तर म्हणाली, "आजी, ज्यांना नीट वाजवता येत नाही, त्यांनी पण जोरात वाजवायचं." म्हटलं, मग तुम्ही अस्सल आहात.

आता रेवतीला पुण्यात नोकरी लागली. परीक्षित मंडीदीपच्या कारखान्यात शिफ्टमध्ये अडकला. म्हणून जाण्याआधी त्यांनी गाजलेल्या गाण्यांचा अल्बम काढला. मोठी काळी तबकडी आहे; ती वाजवायचं यंत्र घरात कोणाकडे नाही. सुभाष म्हणाला, "आई, एक अल्बम घेऊन टाक, पोरीला बरं वाटेल. आणि खोली आता किरायाने देऊ." दोन्ही गोष्टी एका दमात म्हणाला, तिथेच मला कळलं.

मी तो अल्बम रेवतीच्या मोबाइलवर पूर्ण ऐकला. माझं मत: घेऊ नये.

'नल आ गया' हे गाणं त्यांनी खोलीत पहिल्यांदा रेकॉर्ड केलं, तेव्हा मी भिंतीपलीकडून ओरडले होते, "अगं बंद करा, दूध उतू गेलं!" परीक्षितचा ड्रम थांबला आणि मग दुप्पट जोरात सुरू झाला. ते तसंच रेकॉर्ड झालं, आणि गाणं लावलं की त्या जागेला पोरं नाचायची. अल्बममध्ये ती जागाच नाही. विचारलं तर रेवती म्हणते, "आजी, साफ केलंय ना. प्रोफेशनल वाटायला पाहिजे." तांदळातले खडे काढावेत हे मलाही कळतं. पण यांच्या गाण्यात खडेच तर होते.

आणि गाजलेली कोणती? ज्या गाण्यांना शेजारच्या शशिकलाबाई भांडायला आल्या, ती गाजली. त्यातली अर्धी घेतलीच नाहीत.

खरं कारण वेगळं आहे. अशी निवडक गाणी काढतात ती आटोपलेल्या लोकांची. पोरगी पंचविसाव्या वर्षी सांगते, "आमचं चांगलं झालं ते एवढं." आणि मी पैसे देऊन त्याला मान डोलवू? नाही डोलवत.

म्हणून मागची खोली रेवतीला. ती इथे नसताना किल्ली परीक्षितने सांभाळावी. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून त्याला एवढंच काम. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला गाद्या लावायच्या नाहीत. रेवती सुट्टीत आली की दोघांनी काहीतरी नवं वाजवावं. वाईट असलं तरी चालेल.

माझ्यामागे तीन वर्षांत त्या खोलीतून एकही नवं गाणं आलं नाही, तर खोली सुभाषला जावी, त्याने खुशाल किरायाने द्यावी, आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने तो अल्बम विकत घ्यावा. तेव्हा तो घेण्यासारखा झालेला असेल.

सही: सिंधू मुकुंद लघाटे

साक्षीदार:
१. शशिकला मुजुमदार, शेजारी (माझ्यासमोर सही झाली. आवाजाबद्दलची तक्रार कायम आहे.)
२. परीक्षित देवस्कर

इंद्रपुरी, भोपाळ
१४ नोव्हेंबर २०२५