वन्सं बोलत्या राहिल्या पाहिजेत

४ नोव्हेंबर

वन्संच्या डोक्यात गाठ निघाली. डावीकडे, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. आमच्याच इस्पितळात दाखवलं. सर्जन म्हणाले, जागेपणी ऑपरेशन करावं लागेल. पेशंटनं बोलत राहायचं, जीभ अडखळली की हात थांबवायचा.

पेशंटला बोलतं ठेवणं हे माझं काम. दुसरी स्पीच थेरपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर. सर्जननी विचारलं, “नणंद आहे तुमची. जमेल ना?”

वीस वर्षं त्या बोलतायत आणि मी ऐकतेय. न जमायला काय झालं!

६ नोव्हेंबर

नवरा अजून गप्पच. मला मोठ्या इस्पितळातून नोकरीचं बोलावणं आलं, दुसऱ्या गावी, विभाग माझ्या हाताखाली. त्याला सांगितलं तेव्हा “बघू” म्हणाला. तेव्हापासून तोंडाला कुलूप. सख्ख्या बहिणीचं कळल्यावरही नुसती मान हलवली.

दिवसभर लोकांच्या तोंडून एकेक शब्द ओढून काढायचा आणि घरी येऊन टीव्हीचं ऐकायचं. जेवण वाढलं. जेवला. उठला. पाय दुखतायत.

९ नोव्हेंबर

वन्संबरोबर सराव. चित्रांची कार्डं — कात्री, शिडी, कासव. चौथ्या कार्डाला भडकल्या. “मी काय बालवाडीत आहे का?” जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय त्यांनी. निवृत्त होऊनही वर्ग सुटलेला नाही, सध्या वर्गात मी एकटीच. भाजी चिरण्यापासून साडी नेसण्यापर्यंत माझं सगळं त्यांनी तपासून लाल शाईनं खोडलंय. आणि भावाची बाजू? ती तर पाठच!

कार्डं गोळा करत होते, तर म्हणाल्या, “दुखेल का गं?”

म्हटलं, कातडी बधिर करतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही.

“ते माहितीय. मीच शिकवायचे. विचारलं आपलं.”

इतका बारीक आवाज त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग मलाच सुचलं — ऑपरेशनच्या वेळी कार्डं संपली की मेंदूचा धडाच घ्यायला लावायचा.

१४ नोव्हेंबर

झालं. अंग मोडून आलंय, पण लिहून टाकते.

कवटी उघडल्यावर त्यांना जागं केलं. निळ्या पडद्याच्या अलीकडे मी आणि त्यांचा चेहरा, पलीकडे सर्जन. कार्डं सुरळीत झाली. मग म्हटलं, “वन्सं, आठवीचा वर्ग समजा. मेंदू.”

सुरूच झाल्या! वजन शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढं, पण खायला पाचवा हिस्सा — “घरातल्या कर्त्या पुरुषासारखा.” निअँडरथलचा मेंदू आपल्याएवढा, कधी जरा मोठाच. “मोठा असून काय केलं? राहिले का?” भूल देणारा तरुण डॉक्टर मध्येच म्हणाला, “बाई, आपण दहाच टक्के मेंदू वापरतो ना?”

“कोण म्हणालं? सगळा वापरतो! तुम्ही दहा टक्के वापरत असाल तर आत्ताच सांगा, मी उठते.”

सर्जन हसले. “हात हलतो माझा, बाई.”

“हत्तीचा आपल्या तिपटीहून मोठा, आणि देवमाशाचा—”

थांबल्या. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. सर्जननी मेंदूतल्या बोलण्याच्या जागी बारीकशी वीज लावली होती. असं होतं, शेकडो वेळा पाहिलंय. वीज काढली की शब्द परत येतो. पण वीस वर्षं मनातल्या मनात “एकदा गप्प बसा हो” म्हणत आलेली मी, आता “बोला हो, बोला” म्हणत राहिले.

“—त्याहूनही मोठा,” म्हणाल्या. सर्जननी त्या जागेवर खुणेची चिठ्ठी ठेवली. तिथे हात लावायचा नाही.

पुढे गाठ काढताना शब्द जड झाले. कात्रीला शिडी म्हणाल्या. सर्जन थांबले. थोडी गाठ राहिली, तेवढी राहू द्या म्हणाले. कवटी बंद करायला घेतली, पुन्हा गुंगी दिली. डोळे मिटत होते. मी तिथेच बसून. काय झालं कोण जाणे, त्यांच्या कानाशी म्हटलं, “वन्सं, मला त्या नोकरीवर जावंसं वाटतंय.”

कोणाला तरी सांगायचं होतं. गुंगीतलं कुठे लक्षात राहतं!

१५ नोव्हेंबर

बोलत नाहीत. एक शब्द नाही.

१८ नोव्हेंबर

सूज आहे, उतरेल — हे मी इतरांच्या नातेवाइकांना किती सहज सांगते! हा रोज येऊन खुर्चीत बसतो. खाटेवर बहीण गप्प, शेजारी भाऊ गप्प. मी दोघांच्या मध्ये कार्डं धरून.

आज त्यानं बहिणीच्या पायावरची चादर नीट केली. बराच वेळ करत होता. रागवावं तर तेही जमेना.

२२ नोव्हेंबर

नर्सनं सुई दोनदा चुकवली. वन्सं स्पष्ट म्हणाल्या, “गाढव!”

नर्स बिचारी रडकुंडीला आली आणि मी तिला मिठी मारली. शिव्या, आकडे, पाढे हे असेच आधी परत येतात बऱ्याचदा. दुपारी एक ते दहा म्हणून घेतले. पण “पाणी” म्हणता येईना, तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

२४ नोव्हेंबर

पाणी. उशी. पंखा बंद.

घरी येऊन न जेवता झोपले.

२९ नोव्हेंबर

संध्याकाळी हा खुर्चीत, मी खिडकीशी. वन्संनी त्याच्याकडे बोट केलं आणि एकेक शब्द शोधून पुढे ठेवला — “ही... नव्या नोकरीला... जातेय. तुला... विचारत... नाहीये.”

मी “जावंसं वाटतंय” म्हटलं होतं. क्रियापद चुकलं की मुद्दाम बदललं? माझं रोजचं काम हे, पण मला सांगता येईना. वन्सं माझ्याकडे बघतच नव्हत्या.

यानं घसा साफ केला. “कधी?”

काहीच ठरलेलं नव्हतं.

“एक जानेवारीपासून,” मी म्हणाले.