थंडी मुख्यतः अंगठ्यात असते

३ डिसेंबर
हिवाळाभर ऑफिसला सायकलनेच जाणार, असं घरात जाहीर केलं. पाय गारठतील, असं बायको म्हणाली. थंडी मनात असते, असं मी तिला समजावलं. पटलं नसावं, कारण सायकल सोडली तर ती तिच्या धाकट्या भावाला द्यायची, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. मेहुण्याची दया आली. त्याला माझे एक नंबर मोठे असलेले बूट आजच देऊन टाकले. सैल बुटात वारा शिरतो.

४ डिसेंबर, सकाळी सव्वानऊ
थंडी मुख्यतः अंगठ्यात असते.

६ डिसेंबर
मोज्यांचे तीन जोड चढवले. बुटात पाय सारायला बायको आणि मोठा चमचा, दोघांची मदत घ्यावी लागली. ऑफिसपर्यंत थंडी अजिबात जाणवली नाही. पायही जाणवले नाहीत. प्रयोग यशस्वी. उतरताना वॉचमनच्या अंगावर पडलो, ते वेगळं.

१० डिसेंबर
मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या. वारा बंद! घाम मात्र आतच साचला आणि गार झाला. मीटिंगमध्ये वेफर्स कोण खातंय, असं साहेबांनी दोनदा विचारलं. मीही इकडेतिकडे बघितलं.

१३ डिसेंबर
बुटांच्या टोकात एकेक गरम उकडलेला बटाटा. पहिल्या चौकापर्यंत झकास. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

१७ डिसेंबर
मार्ग सापडला. बसस्टॉपपर्यंत सायकल, पुढे बस. याला सायकल सोडणं म्हणत नाहीत. घरी सांगण्याइतकी मोठी गोष्ट नाही.

२८ डिसेंबर
पाय गारठतात का, असं बायको रोज आपुलकीने विचारते. नाही म्हणतो. खोटं बोलावं लागत नाही, याचं समाधान आहे.

९ जानेवारी
ऑफिसमधून लवकर सुटलो. स्टॉपवर सायकल नाही! चोर चोर म्हणून ओरडणार होतो, पण ती स्टॉपवर काय करत होती, हे घरी कसं सांगणार? पाय ओढत घरी आलो. दारात सायकल. आत मेहुणा चहा पीत बसलेला. तोही आज लवकर सुटला होता.

मी बसमध्ये चढलो की तो सायकल घेऊन कामावर जातो आणि मी यायच्या आत जागेवर ठेवतो. गेले तीन आठवडे. कुलपाची दुसरी किल्ली त्याला बायकोनेच दिली.

पाय गारठत नाहीत का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. लोकरी मोज्यांचा एकच जोड आणि सैल बूट, बोटं हलती राहतात. बूट माझेच.

फार वाईट वाटलं. सायकल आवडायची मला. पहिली किल्लीही बायकोने मागून घेतली.

उद्यापासून पायी जाणार, असं जाहीर केलं. स्टॉपपर्यंत. बूट चावतात.