आईंच्या औषधाचा कागद

अहो,

सकाळच्या एस.टी.नं नगरला जातेय. भाकरी झाकून ठेवलीय. आईंची औषधं आज तुम्हीच द्यायची. डॉक्टरांच्या कागदावर लाल गोळीपुढे टी.डी.एस. आहे, म्हणजे दिवसातून तीनदा. शेजारचं पी.सी. म्हणजे जेवण झाल्यावर. काल तुम्ही उपाशीपोटी दिलीत, म्हणून त्यांना मळमळलं. एच.एस. लिहिलेली पांढरी गोळी फक्त झोपताना. बाटलीतलं औषध बी.डी., म्हणजे दोनदा, बाटलीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या एका खाचेएवढं. अंदाजानं ओतू नका.

तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवता, तरी काल हा कागद उलटसुलट करून शेवटी माझ्याच हातात दिलात. दवाखान्यात आया म्हणून सहा वर्षं फरशी पुसताना मी खाटांना टांगलेले असलेच कागद वाचत आलेय. आता नव्या सिस्टर मलाच विचारतात.

आज नर्सच्या ट्रेनिंगची मुलाखत आहे. फॉर्म महिनाभर तुमच्या टेबलावर पडून होता. त्यावर घरातल्या मोठ्या माणसाची संमती लागते. तुम्ही सही केली नाहीत, तेव्हा तुमच्या आईंनी अंगठा उठवला.

कृपा