उन्हात ठेवायचा दिवा

प्रिय कावेरी,

तू दळणाला गेलीस की सुट्टीवर गावी आलेला प्रणीत हे पत्र तुझ्याच हातात देईल. घरी कुणी विचारलं तर सांग, दिव्याबद्दल लिहिलंय. खोटं नाही ते. तू इकडं शहरात माझ्याजवळ राहायला यायचं की नाही, ही गोष्ट आहेच, पण आधी दिव्याचं लिहितो.

मी पाठवलेला सोलरचा दिवा लागत नाही म्हणून आईनं फोनवर माझी चांगलीच हजेरी घेतली. मग बाबांच्या बोलण्यातून कळलं, आई तो रोज सकाळी फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवते आणि अंधार पडला की गोठ्याच्या खांबाला लावते. का, तर उन्हात तडकेल! अगं, त्याला वायर नाही, मग त्याच्या पोटात जाणार काय? वरची काळी काच आहे ना, तीच ऊन खाते. दिवसभर त्याची वीज करून आतल्या बॅटरीत साठवते, आणि उजेड गेला की दिवा आपोआप लागतो. तो खांबावरच राहू दे. काच दक्षिणेकडं ठेव, धूळ बसली तर ओल्या फडक्यानं पूस. पावसानंही त्याला काही होत नाही, आईला सांग.

पण आईला हसू नको, मीही कमी नाही. सर्जापूर रोडला एका सोसायटीच्या बागेत आम्ही असेच दिवे लावले. मी माझी ओळ गेटच्या मोठ्या लाइटखाली रोवली, छान दिसेल म्हणून. संध्याकाळी बाकीचे लागले, माझे ढिम्म. गेटचा उजेड काचांवर पडत होता, म्हणजे त्यांच्या लेखी अजून दिवसच! आमचे मिस्त्री रघुनंदन अण्णा पिढ्यान् पिढ्या इथले मराठी, निम्मं कन्नड बोलतात. म्हणाले, "मल्हारराव, स्वल्प डोकं पण चार्ज करा की!" सगळे हसले, मीही हसलो. मग वाटलं, हे तुला सांगावं. पण फोन म्हणजे स्पीकर, आणि स्पीकर म्हणजे सगळं घर, शेजारच्या काकूंसकट.

रविवारी मला के. आर. पुरमच्या खोलीत बसवत नाही. बस धरून हेब्बाळच्या तळ्यावर जातो. मराठी कानावर आली की उगाच त्या माणसांच्या मागं मागं चालतो. मागच्या रविवारी एक नवरा-बायको वांग्यांवरून भांडत होते. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

हॉटेल सोडलं, गॅरेज सोडलं, तुला ठाऊकच आहे. हे काम सोडावंसं वाटत नाही. अण्णांच्या घरामागची खोली रिकामी होतेय, दोघांपुरती. दाराशी तुळस लावता येईल एवढी जागा आहे.

फोनवर मी त्या खोलीचं काढलं तेव्हा आई म्हणाली, "कावेरीला इथंच बरं आहे, काय गं?" आणि तू "हं" म्हणालीस. सासूसासरे समोर बसलेले असताना तू दुसरं काय म्हणणार? की खरंच तुझ्या मनात तसंच आहे? मला काही कळत नाही, म्हणून सातवी शिकलेला मी हे एवढं लिहायला बसलो. प्रणीत सोमवारी परत निघतोय, त्याच्याजवळ उत्तर दे. यायचं नसेल तर सरळ नाही लिही. मी रागावणार नाही, अण्णांना खोली नको म्हणून सांगेन. फक्त कुणी समोर नसताना लिही.

तुझं खरं उत्तर ऐकायला थांबलेला,
तुझाच
मल्हार