कोरं पान आणि पांग पद्धत

३ मार्च, सोमवार
आजपासून नवी सुरुवात. सिगारेट बंद. रोज इंग्रजी कादंबरीची दहा पानं. आणि माझ्या नववीच्या वर्गाची मार्चची टेस्ट प्रश्नसंचातून उचलायची नाही, वाचनाचा उतारा स्वतः लिहायचा. आख्ख्या जिल्ह्यात स्वतःचा उतारा लिहिणारा इंग्रजीचा मास्तर दुसरा दाखवा.

बायकोला, युनशियाला सांगितलं. पोस्टात दिवसभर शिक्के मारून आलेली. म्हणाली, आधी गॅसचा रेग्युलेटर बघा पांग मास्तर, मग साहित्य करा.

कादंबरी सापडली. खूण पान अकरावर. खुणेला ठेवलेलं बसचं तिकीट लेक बालवाडीत असतानाचं. आता ती नोकरीला आहे.

६ मार्च
उतारा झाला. विषय: माझे आजोबा, नदीवरचे नावाडी. शाळेतून परतणाऱ्या पोरांना पलीकडे सोडायचे. शेवटचं पोर आल्याशिवाय नाव हलवायचे नाहीत. वाचून माझेच डोळे पाणावले.

खाली पाच प्रश्न. पांग पद्धतीला साजेसे. पद्धत माझीच आहे, सबंध शाळेत नाव आहे तिचं. उताऱ्यात शिरायचं नाही, तिथं वेळ जातो. आधी प्रश्न, मग पर्याय. जो पर्याय सगळ्यात लांब आणि सगळ्यात सज्जन, त्यावर खूण. अडलंच तर सी. पोरं तालासुरात म्हणून दाखवतात.

एक सिगारेट. फक्त उतारा झाल्याबद्दल.

१० मार्च, सोमवार
प्रश्नांची पानं म्हाताऱ्या देंगकडे छापायला दिली. उताऱ्याचं पान ठेवून घेतलं. शेवट खटकतोय. देंगला म्हटलं, तिसरं पान मोकळं सोड, मागून आणून देतो. तो म्हणाला, सर, सगळं एकदम द्या ना, मशीन म्हणजे काय बस आहे का, मागून चढायला? उद्धट आहे. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये.

कादंबरी: पान अकरा. मन उताऱ्यात आहे.

१२ मार्च
शेवट बदलला. खरं ते लिहिलं. एका संध्याकाळी आजोबा थांबले नव्हते. पाऊस होता, नाव हाकली आणि घरी आले. एक मुलगी मागं राहिली, लांबच्या पुलावरून अंधारात चालत गेली. आजोबा त्याबद्दल पुन्हा कधीच बोलले नाहीत. हा शेवट म्हणजे कला आहे.

पान घेऊन छपाईच्या खोलीत गेलो. देंग जेवायला गेलेला. मशीनवर त्याचा चहाचा मोठा जार होता, त्याखाली पान ठेवलं. डोळ्यांसमोरच आहे, चुकायचं काम नाही.

१४ मार्च, शुक्रवार
टेस्ट झाली. देखरेखीला मीच. शेवटच्या अर्ध्या तासात पोरं वाचनाच्या भागाला आली, वर्ग चिडीचूप. माझ्या आजोबांची गोष्ट वाचतायत, या विचारानं खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

यिन शुहेनं हात वर केला. पहिल्या रांगेतली, जाड भिंगाची. म्हणाली, सर, उतारा... मी म्हटलं, परीक्षेत उताऱ्यावर चर्चा नसते, बस खाली. थोड्या वेळानं पुन्हा हात. म्हटलं, शुहे, भावना घरी. पोरं हसली. बसली मग.

संवेदनशील मुलगी. पण शिस्त हवी.

१६ मार्च, रविवार
पेपर तपासले. वाचनात जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी! आजवर असं झालेलं नाही. पांग पद्धत आणि पांग उतारा, दोन्ही एकदम. नवीन आलेल्या ताओ मॅडमच्या वर्गाला वाचनात निम्मेसुद्धा मिळत नाहीत. त्या पोरांना विचारत बसतात, वाचून काय वाटलं. वाटायचं काय त्यात?

फक्त यिन शुहेनं पाचही प्रश्न कोरे सोडलेत. पेपरातलं बाकी सगळं बरोबर. रुसवा म्हणायचा हा. शून्य दिलं. वाचनाचे मार्क पेपराच्या निम्मे, त्यामुळे वर्गात शेवटची आली.

१७ मार्च, सोमवार
आमच्या वर्गाच्या रिवाजाप्रमाणे सगळे व्हरांड्यात उभे. मार्कांच्या क्रमानं एकेकाला हाक, त्यानं आत जायचं आणि हवी ती जागा घ्यायची. शुहे शेवटी. मागच्या दाराशी, केरसुणी आणि कचऱ्याच्या डब्याशेजारचं बाक उरलं होतं. दप्तर घेऊन जाऊन बसली. तिथून तिला फळा दिसत नाही. पण नियम म्हणजे नियम. मी कधी भेदभाव केलेला नाही.

उताऱ्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही. काही गोष्टी शब्दांच्या पलीकडच्या असतात.

१८ मार्च
सकाळचे नूडल्स नेहमीच्या गाडीवर. गाडी शुहेच्या आईची, शाळेच्या फाटकासमोर. न सांगता माझ्या वाटीत अंडं घालते. आज दोन घातली. लाल मिरची ढवळत म्हणाली, सर, पोरगी कुठं कमी पडते सांगा. मी अडाणी बाई, मला वह्या बघून काय कळतंय?

मी म्हटलं, लक्ष नाही वहिनी. अशा पोरींना उच्च माध्यमिक झेपत नाही. एखाद्या व्यावसायिक शाळेचा फॉर्म आणून ठेवा, हातात कला येते. ती म्हणाली, तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार. आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

योग्य वेळी योग्य सल्ला दिला. दोन्ही अंडी खाल्ली.

२४ मार्च, सोमवार
मुख्याध्यापक छूंनी बोलावलं. वाचनाचे मार्क बघून जिल्ह्यातून फोन आलाय! १० एप्रिलला माझा जाहीर पाठ. पर्यवेक्षक न्ये बाई येणार, इतर शाळांचे मास्तर मागं स्टुलावर बसणार. छू म्हणाले, इंग्रजी विभागाचं प्रमुखपद रिकामं आहे हे लक्षात असू द्या. मी म्हटलं, मला पदाची हाव नाही. घरी येताना नवा शर्ट घेतला.

३१ मार्च
देंग आला. हातात माझं उताऱ्याचं पान, मधोमध चहाच्या जारचा तपकिरी गोल. म्हणाला, सर, मशीन साफ करताना मागं पडलेलं सापडलं, हे छापायचं होतं का?

घरी जाऊन शिल्लक पेपर काढून बघितले. तिसरं पान कोरं. सगळ्यांचं कोरं.

म्हणजे उतारा कुणी वाचलेलाच नाही. वर्गभर पोरांनी कोऱ्या पानाकडे बघितलं, पान उलटलं आणि प्रश्न सोडवले. बरोबर सोडवले. आणि तपासताना मीही ते पान उलटूनच गेलो.

जेवलो नाही. युनशिया म्हणाली, तब्येत बरी नाही का? म्हटलं, मिरची जास्त झाली.

१ एप्रिल
शांतपणे विचार केला. चूक देंगची आहे. पान जाराखाली होतं, जार त्याचा.

शुहेचं बघायला हवं. उद्याच वर्गात सांगतो.

२ एप्रिल
आज नको. जाहीर पाठ झाला की लगेच सांगायचं. आता सांगितलं तर पोरांचं लक्ष उडेल. पोरांच्याच हिताचं आहे.

नूडल्स गाडीवर खाल्ले नाहीत. मागच्या गल्लीतून शाळेत गेलो. ती गल्ली घाण आहे.

४ एप्रिल, छिंगमिंग, पितरांचा दिवस, सुट्टी
गावी गेलो. आजोबांच्या कबरीवरचं गवत काढलं, फळं ठेवली, कागदी नोटा जाळल्या. दरवर्षी त्यांच्याशी बोलतो, मार्क सांगतो, लेकीचं सांगतो. आज काय बोलणार? युनशिया म्हणाली, आज गप्प गप्प आहात. मी म्हटलं, धूर डोळ्यांत जातोय. मनात म्हटलं, आजोबा, मीही एका पोरीला काठावर सोडून आलोय. मग लाजेनं दोन मिनिटं नुसताच उपटलेलं गवत पुन्हा उपटत बसलो.

८ एप्रिल
पाठाची तालीम. उतारा छापून घेतला, या वेळी मशीनसमोर उभा राहिलो. पोरांना म्हटलं, हा सुधारित पेपर, प्रश्न तेच, उत्तरंही तीच. कुणी काही विचारलं नाही. माझी पोरं काही विचारत नाहीत. आधी मला याचा अभिमान होता.

हात वर करायची पद्धतही ठरवलीय. सगळ्यांनी करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मी उजव्यांनाच उठवीन, पाहुण्यांना वर्गभर हात दिसतील. मागच्या बाकावर जाऊन शुहेला हळूच म्हटलं, तू हात वर करू नकोस, दमली असशील. ती म्हणाली, हो सर. डोळे वर केले नाहीत.

मीही खाली बघूनच बोललो.

९ एप्रिल
सिगारेट तीन. पाठ झाल्यावर कायमची बंद. पाठ झाल्यावर शुहे. पाठ झाल्यावर कादंबरी. सगळं उद्या दुपारनंतर.

१० एप्रिल, गुरुवार
लिहवत नाही. तरी लिहितो.

पाहुणे मागं बसले. न्ये बाईंना स्टूल नको होतं, कंबर दुखते म्हणून त्या मागच्या दाराशी बाकावर बसल्या. शुहेच्या शेजारी. 

सुरुवात छान झाली. हातांचं जंगल. उजवे, डावे. प्रश्न चौथा: नावाडी कसा माणूस होता? मॉनिटर वेई लांग ताडकन उठला, उत्तर सी, शेवटचं मूल येईपर्यंत रोज न चुकता थांबणारा दयाळू आणि जबाबदार माणूस. मी म्हटलं, शाब्बास.

मागून एक हात. उजवा. मी फळ्याकडे वळलो. न्ये बाई म्हणाल्या, पांग सर, इथं हात आहे बघा.

शुहे उठली. म्हणाली, सर, सी नाही येत. शेवटच्या ओळीत तो एक दिवस थांबलेला नाही. मुलगी मागं राहिली. चारही पर्यायांत हे नाहीये.

आणि खरंच नव्हतं. शेवट मी बदलला होता, प्रश्न तेच राहिले होते. माझा उतारा मीसुद्धा प्रश्नांशेजारी ठेवून कधी वाचला नव्हता.

न्ये बाईंनी तिच्याकडे वळून विचारलं, मार्चमध्येही तू असंच लिहिलंस? ती म्हणाली, मार्चमध्ये काहीच लिहिलं नाही बाई, तेव्हा उतारा नव्हता. न्ये बाईंनी वर्गाला विचारलं, नव्हता? मॉनिटर पुन्हा उठला, नव्हता बाई, पान कोरं होतं. मग उत्तरं कशी लिहिलीत रे? पोरगं छाती काढून म्हणालं, पांग पद्धतीनं!

कुणीतरी हसलं, मग सगळं मागचं टोळकं हसलं. ताओ मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली, माझ्यासाठी. ते हसण्याहून वाईट होतं.

न्ये बाई जाताना एवढंच म्हणाल्या, पोरांनी वाचन चांगलं केलंय पांग सर. पण उताऱ्याचं नाही, तुमचं केलंय.

११ एप्रिल, शुक्रवार
प्रमुखपद ताओ मॅडमना. छू म्हणाले, तुम्ही जरा विश्रांती घ्या. तसंही ते पद म्हणजे नसती डोकेदुखी.

हे मी काय लिहितोय? हवं होतं मला. शर्ट घेतला होता.

वर्गात सांगितलं की मार्चची टेस्ट रद्द, चूक माझी. "माझी" म्हणताना खोकला आला, पुन्हा म्हणावं लागलं. शुहेला म्हटलं, आधी तू जागा निवड. वाटलं होतं, पोर म्हणेल, राहू दे सर, इथंच बरी आहे. मन हलकं झालं असतं माझं. ती दप्तर उचलून सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि चष्मा पुसला. बरोबरच आहे, तिला फळा बघायचा होता.

माफी मागायची राहिली. घंटा झाली.

१४ एप्रिल, सोमवार
बऱ्याच दिवसांनी गाडीवर गेलो. वाटलं, आता घरी सगळं कळलंच असेल, आपण फक्त मान डोलवायची.

शुहेची आई मला बघून खुलली. दोन अंडी. म्हणाली, सर, पोरीला पुढं बसवलंत, उपकार झाले. तुमचा शब्दही ऐकलाय मी, ब्यूटी पार्लरच्या शाळेचा फॉर्म भरून घेतलाय, आज दुपारी देऊन येते. एप्रनच्या खिशातून काढून दाखवला. तेलाचं बोट लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला.

मी म्हटलं, शुहे काही बोलली नाही? ती म्हणाली, बोलली की! मार्चमध्येच. म्हणे पेपरात उताराच नव्हता. मी म्हटलं, भवाने, पांग सर असं करतील होय? नाव घेतेस मास्तरांचं? दिली एक कानाखाली. तेव्हापासून शाळेचं काही सांगतच नाही.

वाटी खाली ठेवली.

मग सांगितलं. उभं राहून, गिऱ्हाइकांसमोर. पान कोरं होतं वहिनी. पोरगी खरं बोलत होती. मला दोनदा सांगायला उठली, मी दोनदा बसवली. नंतर कळलं तरी पाठ होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. ती वर्गात सगळ्यात हुशार आहे. सगळ्यांत फक्त तिला वाचता येतं.

झारा हातातच राहिला तिच्या. पातेलं उतू गेलं. तिनं गॅस बारीक केला, फॉर्म पिशवीतून काढला, फाडला आणि खरकट्याच्या बादलीत टाकला. मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, ज्या हातानं मारलं होतं त्या.  मग माझ्या मागच्या माणसाला विचारलं, तिखट किती?

१५ एप्रिल
सकाळी गाडीवर गेलो. नूडल्स होते, कोथिंबीर होती, मिरची होती. माझ्या वाटीत अंडं नव्हतं. शेजारी रिक्षावाला खात होता, त्याच्या वाटीत होतं.

खाल्ले. वाटी नेऊन ठेवली आणि शाळेत गेलो.